गौरीजेवणातला वाद: पुढे शिकायचं की कामाला लागायचं

यंदा गौरीजेवणाला पुरणपोळी पानात पडायच्या आधीच आमच्याकडे वाद पेटला. भाची जूनमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. हातात ऑफर लेटर आहे, पॅकेज साडेतीन लाखाच्या आसपास, आणि जॉइनिंगची तारीख आज येते उद्या येते अशी. तिच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांचं परदेशात एमएसला जायचं चाललंय, कन्सल्टन्सीवाल्यांचे सेमिनार, जीआरईची प्रवेशपरीक्षा, अर्जासोबतचं एसओपी नावाचं पत्र वगैरे. मोठे काका म्हणाले, एकदा पगाराची चटक लागली की पुस्तक परत हातात धरवत नाही, काय शिकायचं ते आत्ताच शिकून घे. माझा चुलतभाऊ आयटीत आहे, तो म्हणाला काका डिग्री आता कोण बघतंय, स्किल पाहिजे, बिल गेट्सने कॉलेज अर्धवट सोडलं. मग काकांनी टेक्सासला घर घेतलेल्या कुणाच्या तरी मुलाचं उदाहरण दिलं, भावाने एमटेक होऊन क्लासमध्ये शिकवणाऱ्या कुणाच्या तरी मुलीचं दिलं, असा तासभर उदाहरणांचा बाजार भरला. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती पंगतीत वाढत होती, तिला कोणी काही विचारलं नाही.

हा वाद घरोघरी असाच होतो आणि माझी तक्रार तीच आहे. कुणाचं नशीब कसं फळलं यावरून दुसऱ्याने काय करावं हे ठरत नाही. टेक्सासवाल्याचं घर दिसतं, कर्ज डोक्यावर घेऊन परत आलेला पोरगा लग्नकार्यात येतच नाही म्हणून तो मोजला जात नाही, आणि कॉलेज सोडून काहीच न झालेल्यांवर तर कोणी सिनेमाही काढत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे सस्पेन्स नको: बहुतेक मुलांनी पदवीनंतर आधी दोन-तीन वर्षं काम करावं आणि मग, गरज वाटली तर, मास्टर्स करावं. 'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, अपवाद आहेत आणि काही अपवाद चांगलेच तगडे आहेत, त्यांच्याकडे येतोच.

हे मत कुठून आलं तेही सांगायला हवं. मी २००९ ला बीई झालो. मंदीचं वर्ष, ज्यांच्याकडे ऑफर होत्या त्यांचंही जॉइनिंग लटकलेलं, माझ्याकडे तर ऑफरच नव्हती. मग काय करायचं म्हणून एमईला ॲडमिशन घेतली. घरी बसलाय म्हणण्यापेक्षा एमई करतोय म्हणणं आईबाबांना बरं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. दोन वर्षं गेली, गाईडने मागच्या बॅचचाच विषय जरा फिरवून हातात दिला, तो मी इमानेइतबारे पूर्ण केला, फी भरून एका कॉन्फरन्समध्ये पेपरही छापून आणला. पुढे चाकणला ऑटोमेशनच्या कामाला लागलो आणि तिसऱ्या वर्षी कधीतरी एका मशीनपुढे रात्रपाळीत उभा असताना लक्षात आलं की आपल्याला कंट्रोल सिस्टीम्समध्ये खरी मजा येते आणि त्यातलं आपल्याला काही धड येत नाही. एमईला तो विषय इलेक्टिव्ह म्हणून होता. मी घेतला नव्हता, कारण ते सर मार्कांच्या बाबतीत हात आखडता घेतात अशी ख्याती होती! म्हणजे शिकायची सोय होती, वेळ होता, फी भरलेली होती, फक्त मला काय शिकायचंय हे मला माहीत नव्हतं, आणि ते वर्गात बसून कळण्यासारखं नव्हतंच.

आता मी इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाजूला बसतो. एमटेक झालेल्या मुलाला विचारतो की बाबा हाच विषय का घेतलास, तर बहुतेक वेळा उत्तर फिरून फिरून तिथेच येतं: स्कोअरमध्ये हाच मिळत होता, किंवा तेव्हा प्लेसमेंट नव्हती. यात त्या पोरांचा दोष नाही. बाविसाव्या वर्षी ज्याने फक्त परीक्षाच दिल्यात त्याला कामाचं जग आतून कसं दिसतं हे कुठून कळणार? पण मग त्याला आपण आवड, करिअर, स्पेशलायझेशन असली भारदस्त नावं देऊ नयेत. पुढे ढकललेला निर्णय आहे तो, आणि ढकलायचं भाडं दरमहा कोणीतरी भरतंय.

भाडं म्हटलं की पैशाकडे यावंच लागतं, कारण आपल्याकडे या वादात पैशाबद्दल बोलणं जरा कमीपणाचं समजतात. ज्ञानाची किंमत करायची नाही म्हणे. बँक मात्र करते. समजा परदेशातल्या मास्टर्ससाठी चाळीस लाखांचं कर्ज काढलं, व्याज ११ टक्के, फेड दहा वर्षांत. कोर्स चालू असताना घरच्यांनी व्याज भरत नेलं असं धरलं तरी नंतर हप्ता बसतो महिना पंचावन्न हजारांच्या आसपास. तिकडे नोकरी लागली तर हा आकडा काहीच नाही, हे मान्य. पण परत यावं लागलं तर? इथे साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये महिन्याला हातात सत्तावीस-अठ्ठावीस हजार येतात, मास्टर्समुळे त्याच्या दुप्पट मिळाले तरी पूर्ण पगार हप्त्यात. आणि हे साडेतीन लाख तरी काय, माझ्या धाकट्या भावाच्या वेळेलाही फ्रेशरला जवळपास हेच देत होते, मधल्या काळात दूध, भाडं, पेट्रोल सगळं कुठल्याकुठे गेलं.

अमेरिकेचं गणित तर पावलोपावली दुसऱ्याच्या हातात आहे. २०२३-२४ मध्ये तिथे शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि आपण चीनला मागे टाकलं, पेपरात कौतुकाने छापून आलं. शिक्षण झाल्यावर ओपीटी नावाच्या परवानगीचं एक वर्ष, टेक्निकल शाखांना वर आणखी दोन, म्हणजे तीन वर्षं कामाची मुभा. पण पुढे एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची सोडत, वर्षाला एकूण ८५ हजार, त्यातले २० हजार तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी राखीव, आणि हे सगळ्या जगाला मिळून. सप्टेंबर २०२५ मध्ये एका शुक्रवारी तिथल्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी जाहीर केली. नंतर खुलासे आले, तिथे आधीच शिकत असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती लागू नाही वगैरे. पण घर गहाण ठेवून पोराला पाठवलेल्या बापाने तो शनिवार-रविवार कसा काढला असेल याचा विचार करा. तिकडे जाऊच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी म्हणतोय की ज्या पैजेतला अर्धा डाव व्हाइट हाऊसच्या हातात आहे ती पैज लावताना आपल्या गाठीशी दोन-तीन वर्षांचा कामाचा अनुभव असला, तर पैज हरली तरी इथे परत उभं राहता येतं. कोऱ्या पाटीवर चाळीस लाखांचा आकडा लिहून परत येणं फार वेगळं.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. काकांचा मुद्दा की नंतर शिक्षण होत नाही, तो उगाच उडवून लावण्यासारखा नाही. पगार सुरू झाला की घर त्या पगाराभोवती उभं राहतं, बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, बाइकचा हप्ता, आणि अभ्यासाची बैठक मोडते ती मोडतेच. मी हे माझ्या मित्रांमध्ये बघितलंय. पण जरा नीट बघा, यात शिक्षणाच्या आड येणारी गोष्ट नोकरी नाही, घरची जबाबदारी आहे, आणि ती जबाबदारी असलेला मुलगा सरळ मास्टर्सला गेला असता तर ती काय वाट बघत थांबली असती? आधीच्या कर्जात आणखी एक कर्ज, एवढंच झालं असतं. आणि आत्ता नाही तर कधीच नाही असं जे घाबरवलं जातं ते कागदावरही खरं नाही. एमटेकच्या प्रवेशाला लागणाऱ्या गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, जीआरईचा पाच वर्षं. अभ्यासाची धार आहे तोवर परीक्षा देऊन ठेवा आणि स्कोअर खिशात घालून कामाला लागा, अडवलंय कोणी? नव्या शैक्षणिक धोरणात तर चार वर्षांची पदवी केलेल्याला मास्टर्स एका वर्षात करायची सोय धरलीय, म्हणजे मध्येच परत येणं आधीपेक्षा स्वस्त होणार. एमबीएच्या बाबतीत तर हैदराबादच्या आयएसबीसारख्या संस्थेचा एक वर्षाचा मुख्य कोर्स दोन वर्षं नोकरी केल्याशिवाय दारातही उभं करत नाही. शिकवणाऱ्यांनाच कोरी पाटी नको असेल तर आपण ती पाठवायची घाई का करतोय?

मोठ्या माणसांची उदाहरणं देऊ नका असं मीच वर म्हणालो आणि आता मीच देणार आहे, पण मला थोरवी सांगायची नाहीये, नुसतं वेळापत्रक दाखवायचंय. बाबासाहेब आंबेडकर बीएनंतर १९१३ च्या सुरुवातीला बडोदा संस्थानात नोकरीला लागले, लगेच फेब्रुवारीत वडील गेले. मग सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. कोलंबियात १९१५ ला एमए, पुढे लंडन, आणि १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परत. बडोद्यात नोकरी, तिथला तो अपमान, मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. त्या पगारातून पैसे साठवून, थोडी शाहू महाराजांची मदत आणि थोडी मित्र नवल भथेनांची उसनवारी घेऊन १९२० ला पुन्हा लंडन, १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी. नोकरी, शिक्षण, नोकरी, परत नोकरी, परत शिक्षण! 'एकदा सुटलं की सुटलं' या वाक्याला यापेक्षा मोठं उत्तर मला माहीत नाही. आता कोणी म्हणेल ते आंबेडकर होते, आम्ही नाही. बरोबर आहे. पण त्यांच्यापुढच्या अडचणी तरी आपल्या अडचणी कुठे होत्या? आणि तो दहा वर्षांचा करार बघा, त्या काळी शिष्यवृत्ती देणाऱ्यालाही शिक्षण आणि काम एकमेकांना बांधलेलंच हवं होतं.

खरं तर शिक्षण इकडे आणि काम तिकडे अशी दोन टोकं करायची सवय आपली नाहीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, आणि 'कमवा आणि शिका' हे तिचं सूत्रच झालं, पोरं सकाळी शेतात राबायची आणि मग वर्गात बसायची. पुणे विद्यापीठात त्याच नावाची योजना आजही चालते. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कामावर असलेल्यांनाच तर शिकवतंय. इंजिनिअरच्या घरात मात्र पदवी आणि पदव्युत्तर यांच्यामध्ये एक उन्हाळासुद्धा रिकामा गेला तर 'गॅप पडली' म्हणून रडारड. ही भीती कुठून आली कोण जाणे, बहुतेक दहावी-बारावीच्या ॲडमिशनच्या रांगेतून आली असावी.

आता खरा तगडा मुद्दा, जो पंगतीत कोणी काढला नाही, कारण तो काढायची आपल्याला लाज वाटते. मुलींसाठी मास्टर्स हे बऱ्याच घरांत लग्न लांबवायचं सभ्य कारण असतं. 'शिकतेय अजून' म्हटलं की स्थळं आणणारी मावशी दोन वर्षं गप्प बसते. नोकरी करतेय म्हटलं तर गप्प बसत नाही, उलट म्हणते पगार सुरू झालाच आहे, आता काय अडलंय. यावर माझ्याकडे टाळी मिळवणारं उत्तर नाही. मी एवढंच म्हणू शकतो की वडिलांच्या पैशाने किंवा त्यांच्या सहीच्या कर्जाने घेतलेली दोन वर्षं ही वडिलांनी दिलेली दोन वर्षं असतात, आणि पुण्याला किंवा बंगळुरूला स्वतःच्या पगारातून भाडं भरणाऱ्या मुलीला मावशीचा फोन न उचलायची जी मोकळीक असते ती हॉस्टेलवर नसते. पण हे शहरातल्या, नोकरीसाठी मुलीला बाहेर ठेवणाऱ्या घरांना लागू. जिथे मुलीला एमएस्सीसाठी कोल्हापूर किंवा संभाजीनगरला पाठवतील पण नोकरीसाठी पाठवणारच नाहीत, तिथे तिने एमएस्सीच करावी, विषय कुठलाही असो, आणि माझा हा लेख खुशाल फाडून टाकावा.

दुसरा अपवाद, जिथे मास्टर्स हे दार आहे. कॉलेजात शिकवायचं तर मास्टर्स आणि वर नेट-सेटची पात्रता परीक्षा किंवा पीएचडी सहसा लागतेच. बीएस्सी केमिस्ट्रीवाला आणि ऑरगॅनिकची एमएस्सी केलेला यांना औषध कंपन्यांत कामच वेगळं मिळतं, एकजण क्वालिटी कंट्रोलच्या टेबलावर, दुसऱ्याला निदान संशोधनाच्या लॅबचं दार उघडं. समुपदेशन, समाजकार्य यांचंही तेच. अशा ठिकाणी आधी काम कर म्हणणं म्हणजे कुलूप लागलेल्या घरासमोर उभं राहून आधी आत जाऊन बघ म्हणण्यासारखं आहे. आणि काही मुलांना खरंच विषय सापडलेला असतो. जयंत नारळीकर १९५७ ला बनारसहून बीएस्सी करून थेट केंब्रिजला गेले, त्यांना कोणी दोन वर्षं कुठेतरी कारकुनी करून ये म्हणालं असतं तर तो शुद्ध गाढवपणा झाला असता. पण वडीलच तिथे गणिताचे प्राध्यापक, घरात गणिताची पुस्तकं आणि गणिताच्या गप्पा, म्हणजे बाहेरच्या जगात जाऊन जो प्रश्न शोधावा लागतो तो त्यांना घरबसल्या भेटला होता. आगरकरांचंही तसंच, एमए केलं ते कमालीच्या गरिबीत, पण पुढे काय करायचं हे इतकं पक्कं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असं आईला पत्राने आधीच कळवून मोकळे. ज्याला असं पत्र लिहिता येईल त्याने खुशाल आजच ॲडमिशन घ्यावी.

दार उघडून आत काय आहे हेही मात्र बघायला हवं. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात कितीतरी मुलं एमए, नेट, सेट, काही तर पीएचडी सुद्धा करून तासिका तत्त्वावर शिकवतायत, तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन्महिने न आलेले. या मुलांनी अभ्यासात कसूर केली असं कोण म्हणेल? पुढे शिकलं की पुढे काहीतरी असतंच, हे गृहीत धरून आपण त्यांना पाठवलं आणि पुढची भरतीच थांबलेली होती. २०२४ ला राज्य सरकारने तरुणांसाठी कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोकांनी तिला लाडका भाऊ म्हटलं, त्यात विद्यावेतन बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधर व पदव्युत्तर दोघांना सारखेच १० हजार. मास्टर्सच्या दोन वर्षांची सरकारी किंमत शून्य रुपये, निदान त्या जीआरपुरती तरी.

आता चुलतभावालाही सोडून चालणार नाही, कारण तो माझ्या बाजूचा आहे असं त्याला वाटतंय. डिग्रीचं काही कामच नाही हे म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. ज्या आयटीत तो बसलाय तिथली एक मोठी कंपनी नारायण मूर्तींनी १९८१ ला पुण्यात मित्रांबरोबर सुरू केली तेव्हा ते कानपूर आयआयटीचे एमटेक होते, आणि मध्ये दहा-बारा वर्षं ठिकठिकाणी कामही केलेलं होतं. बिल गेट्सने कॉलेज सोडलं ते हार्वर्ड होतं, हा तपशील प्रत्येक वेळी कसा गळतो? वर, पहिली नोकरी शिकवतेच असंही नाही. सहा महिने बेंचवर, म्हणजे काम न देता बसवून, मग कुठल्यातरी जुन्या सिस्टीमचा सपोर्ट, रात्री तक्रारींची तिकिटं बंद करायची, दोन वर्षांत पोरगं होतं त्यापेक्षा मंद होऊन बाहेर पडतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तरीपण अशी दोन वर्षं वाया जातात तेव्हा कर्ज झालेलं नसतं, आणि आपल्याला काय नको हे कळलेलं असतं. वाया गेलेलं मास्टर्स यातलं काहीच देत नाही, उलट त्याला वाया गेलं असं म्हणताही येत नाही, कारण भिंतीवर फ्रेम लागलेली असते. माझी आहे अजून, आईच्या खोलीत.

पंगत उठल्यावर भाची आत भांडी आवरत होती, मी मदतीला गेलो. म्हणजे उभा राहिलो. म्हटलं तुझं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "मामा, मला डेटाबेसचं आवडतं असं वाटतं, पण कॉलेजात जे झालं ते सगळं पीपीटीवर झालं, खरंच आवडतं का ते मला सांगता येत नाही." मग म्हणाली जॉइनिंग डिसेंबरपर्यंत आलं नाही तर कुठेतरी छोट्या कंपनीत इंटर्नशिप बघते, आणि गेटचा फॉर्म भरून ठेवलाय, तीन वर्षं चालेल. हे सगळं तिने आधीच ठरवलेलं होतं, बाहेर आम्ही घसा फोडत होतो तेव्हासुद्धा. काकांना गेटच्या फॉर्मचं कळलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले बघा, शेवटी शिकतेच आहे. भावाने इंटर्नशिपचं ऐकलं आणि तोही जिंकल्यासारखा हसला. तिने दोघांनाही विडा दिला आणि जॉइनिंगची मेल आलीय का बघायला परत फोन उघडला.